पश्चिम जर्मनीस रवाना

शुक्रवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९७४ रोजी मी पश्चिम जर्मनीस रवाना झालो. त्या वेळी सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी सोलापुरात, भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत उभा होतो.

ही बातमी मला इतरांसारखीच वर्तमानपत्रातून कळली. वर्तमानपत्र आमचंच होतं. तिथे मी एकोणीस वर्षं उपसंपादक होतो. पान तीन, चौथा कॉलम, वरून दुसरी बातमी, फोटोसह. मजकूर असा :

‘सोलापूर, ता. २१ – येथील रहिवासी व आमच्या दैनिकाचे ज्येष्ठ उपसंपादक श्री. वामन मंद्रूपकर हे उच्च अभ्यासासाठी पश्चिम जर्मनीस रवाना झाले असून त्यांचे सर्वत्र अभिनंदन होत आहे.’

या एका वाक्यात चार चुका होत्या. मी रवाना झालो नव्हतो. उच्च अभ्यास नव्हता. ‘ज्येष्ठ’ हा शब्द माझ्या नेमणूकपत्रात कुठेही नाही. आणि सर्वत्र अभिनंदन होत नव्हतं. यातली चौथी चूक पुढच्या अर्ध्या तासात खरी ठरली, आणि घोटाळा झाला तो तिथे.

पण क्रमाने सांगितलं पाहिजे.

त्याच वर्षी मे महिन्यात नव्या पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला जर्मन भाषेचं एक पुस्तक मिळालं. पहिली चाळीस पानं नव्हती. पुस्तक एकदम धडा चौथ्यापासून सुरू होत होतं : देश, खंड आणि राष्ट्रीयत्व. नमस्कार कसा करायचा, नाव कसं विचारायचं, तब्येत कशी आहे म्हणायचं, हे सगळं फाटून गेलेल्या पानांबरोबर गेलं होतं. त्यामुळे आजही मला एखाद्या जर्मन माणसाला नमस्कार करता येणार नाही. पण तो कोणत्या खंडातून आला हे मी त्याला बिनचूक विचारू शकतो.

धडा मला आवडला. देश हा माझा धंदा होता. टेलिप्रिंटरवरून रोज सायप्रस यायचं, कंबोडिया यायचं, अंगोला यायचं आणि मी त्यांना दीड कॉलमात बसवायचो. स्वतः मी पश्चिमेला पुण्यापर्यंत आणि पूर्वेला गुलबर्ग्यापर्यंत गेलेलो आहे. ज्यांची रोज कापाकापी करायची त्या देशांची आणखी एका भाषेतली नावं माहीत असणं मला सभ्यपणाचं वाटलं.

जर्मन लोकांनी या बाबतीत व्यवस्था ठेवली आहे. प्रत्येक देशाच्या पुरुषाला एक शब्द; त्यालाच शेपूट जोडलं की त्या देशाची बाई. मी इंडर, माझी पत्नी असती तर इंडरिन. इराण, तुर्कस्तान, स्वित्झर्लंड अशा काही देशांच्या नावाआधी एक छोटा शब्द लावावा लागतो, आपण ‘श्री.’ लावतो तसा. भारताला लागत नाही. मी याची नोंद घेतली आणि मनाला लावून घेतलं नाही. फक्त जर्मन माणूस स्वतः या व्यवस्थेत नीट बसत नाही; त्याचं रूप वाक्यागणिक बदलतं. सगळ्या जगाला नियम लावून स्वतः अपवादात राहणारा हा माणूस मला परका वाटला नाही. आमचे मालक-संपादक मानसिंगराव असेच होते.

धड्याच्या शेवटी दोन माणसांचा संवाद होता. एक विचारतो, ‘वोहेर कोमेन झी?’ म्हणजे आपण कुठून आलात? दुसरा सांगतो, ‘इश कोमे आउस इंडियेन.’ मी भारतातून आलो. मग दुसरा विचारतो, पहिला सांगतो, आणि असं करत दोघे मिळून पाच खंड संपवतात. संवाद मोठ्याने म्हणावा अशी सूचना होती. मी सूचना पाळणारा माणूस आहे. रोज सकाळी साडेसहाला मी एका खुर्चीवर बसून प्रश्न विचारायचो, मग उठून खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीवर बसून जरा जाड आवाजात उत्तर द्यायचो. युरोपपासून सुरुवात, मग आशिया, आफ्रिका, दोन्ही अमेरिका. ऑस्ट्रेलिया संपेपर्यंत सात वाजायचे.

पत्नी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हे एकदाच सांगतो. त्याच्यावर कॉलम भरणार नाही. पण मे महिन्यापूर्वी त्या घरात मोठ्याने बोललं गेलेलं शेवटचं वाक्य कोणतं, हे मला आठवून सांगता येत नाही, आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

घराची भिंत शेजारच्या शिवलिंगप्पांशी सामाईक होती. शिवलिंगप्पा मिलच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर पडलं हेच पाहिलं होतं. ती सवय सुटली नव्हती.

जूनमध्ये त्यांनी नळावर विचारलं, “काय पेपरवाले, सकाळी सकाळी कुणासंगं बोलालाव?”

“जर्मन शिकतोय.”

“असं होय! मग कवा जायचं ठरलंय?”

“कुठे?”

“जर्मनीला की. हितं कुणासंगं बोलणार जर्मन?”

कुणाशीच नाही, हे खरं उत्तर होतं. पण ते नळावर उभं राहून द्यायचं नसतं. मी म्हणालो, “बघू.”

हा शब्द मी बातमीत कधीही जाऊ दिला नसता. ‘बघू’ला सोलापुरात एकच अर्थ आहे : ठरलंय, पण बोलायचं नाही. शिवलिंगप्पांनी ते पत्नीला, महादेवीबाईंना सांगितलं. महादेवीबाईंनी कुणालाही सांगितलं नाही, असं त्या आजही म्हणतात. ऑक्टोबरात मुंबईच्या एका जर्मन वाचनालयाकडून मी मागवलेला जगाचा नकाशा टपालाने आला. जाड पाकीट, वर परका शिक्का. पोस्टमनने ते गल्लीच्या तोंडापासून डोक्याच्या वर धरून आणलं. “कागदं आली,” असं गल्लीने एकमुखाने ठरवलं.

आता छापखान्याची रीत सांगतो, कारण तिच्याशिवाय हे घडलं नसतं. सोलापुरातला कोणी परदेशी निघाला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापायच्या, ही त्या काळी सगळ्याच पेपरांची रीत होती. घरचे लोक कात्रण कापून फ्रेम करायचे. दोन वर्षांपूर्वी अशी एक बातमी मी खात्री करण्यासाठी तीन दिवस अडवली होती. तोवर माणूस लंडनला पोचला आणि त्याचे वडील ऑफिसात येऊन बसले, उठेनात. तेव्हा मीच माझ्या हस्ताक्षरात फळ्यावर नियम लिहिला : ‘परदेशगमनाच्या बातम्या अडवू नयेत.’ आमचे मुख्य कंपोझिटर हुसेनसाब यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. ‘इंग्लंडला रवाना’, ‘अमेरिकेस रवाना’, ‘पश्चिम जर्मनीस रवाना’ असे तीन मथळे त्यांनी छपाईचे खिळे जुळवून, सुतळीने बांधून कायमचे तयार ठेवले. नाव आणलं की मथळ्याखाली सोडायचं. ‘निघणार आहेत’ असा मथळाच नव्हता.

गुरुवार माझ्या सुट्टीचा. त्या गुरुवारी शिवलिंगप्पा स्वतः बातमी लिहून छापखान्यात घेऊन गेले. त्यांना मला चकित करायचं होतं. हुसेनसाबांनी फळा बघितला, सुतळी सोडली, आमच्या रौप्यमहोत्सवी अंकातला माझ्या फोटोचा ब्लॉक शोधला आणि मला जर्मनीला पाठवून दिलं.

शुक्रवारी सकाळी शिवलिंगप्पा पेपर घेऊनच आले. “बघा की. फोटो बरा आलाय.”

“शिवलिंगप्पा,” मी साबण पुसत म्हणालो, “हे…”

तेवढ्यात महादेवीबाई दुधाचे पेढे घेऊन आल्या. त्यांच्यामागे समोरचे मास्तर, मास्तरांमागे त्यांच्या घरची माणसं, मग पलीकडच्या आळीतले यंत्रमाग चालवणारे एक मागवाले. कोणी खुर्च्या आणल्या. कोणी माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन माझाच स्टोव्ह पेटवला. साडेअकरापर्यंत सतरा माणसं येऊन गेली. माझ्या घरात त्याआधी इतकी माणसं एकदाच आली होती, चार वर्षांपूर्वी, आणि त्या दिवशी कोणी चहा घेतला नव्हता.

मी नाही म्हणालो नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो. अडचण होती, गर्दी होती, कोणी ऐकून घेत नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण एक वाक्य बोलायला चार सेकंद लागतात आणि माझ्याकडे साडेचार तास होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी चुकीची बातमी जाणूनबुजून तशीच राहू दिली.

आणि सल्ले! मास्तर म्हणाले, “तिथे पाणी कोणी पीत नाही, तेव्हा इथूनच भरपूर पिऊन जा.” महादेवीबाईंनी कडक भाकरीची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणून ठेवला. “म्हैनाभर टिकतंय. तितलं कायबी खाऊ नका. कशात काय घालत्यात, कळतंय होय?” गल्लीतर्फे एक चादर अंगावर घालण्यात आली. मागवाल्यांनी फडक्यात गुंडाळलेलं बिडाचं एक दातेरी चाक माझ्या मांडीवर ठेवलं. “मशीन जर्मन हाय, साहेब. एक दात मोडलाय. ह्याच मापाचं मिळालं तर बघा.” चाक अडीच किलो भरेल असं होतं. मी ते मांडीवर घेऊन बसलो. त्यावर काय म्हणायचं असतं, हे धडा चौथ्यात नव्हतं.

“गाडी कितीची?” शिवलिंगप्पांनी विचारलं. तीस वर्षांची सवय.

“उद्या दुपारची,” माझ्या तोंडून गेलं.

दुपारी बारा वाजता मी ऑफिसात हजर झालो. हुसेनसाब बघतच राहिले.

“साब, तुम गये नै?”

“कुठे जाणार होतो, हुसेनसाब?”

“आता हमको काय म्हाईत? आम्हाला कुणी सांगतंय होय?” त्यांनी मान फिरवली. “उन्नीस बरस एका खोलीत काम केलं. जर्मनीला निघाले, हमको शेजाऱ्याच्या कागदावरून कळतंय. म्हटलं, जाऊ दे, मोठा मानूस हाय.”

ते रागावले होते ते चुकीबद्दल नाही, मी न सांगता निघालो याबद्दल. त्यांना खरं काय ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी खिळ्यांचा खण पुढे ओढला. मग म्हणाले, “खुलासा टाकू या साब. लगेच जुळवतो.”

खुलाशाला मानसिंगरावांची परवानगी लागे. त्यांनी बातमी वाचली, चष्मा काढला, मला वर-खाली पाहिलं.

“मंद्रूपकर, एकतीस वर्षांत आपण किती खुलासे छापले?”

“एकही नाही.”

“का?”

“पेपर चुकत नाही म्हणून.”

“मग?”

“पण मी इथे आहे.”

“ते मला दिसतंय. वाचकाला कुठं दिसतंय?” त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला, एकच. “तुमची रजा किती साठलीय? घ्या आठ दिवस. जाऊन या कुठंतरी. परत आलात की ‘परदेशाहून परत’ म्हणून टाकू, फोटोसह. ब्लॉक तयारच आहे.”

शनिवारी दुपारी गल्ली मला पोचवायला स्टेशनवर आली. एकतीस माणसं. हारांमुळे मला खाली बघता येत नव्हतं आणि एका हातातल्या पिशवीत अडीच किलोंचं चाक होतं. खिशात कुर्डुवाडीचं तिकीट होतं. त्यावर मी हात ठेवून होतो. शिवलिंगप्पांनी घड्याळात बघून “सहा मिनिटं लेट” असं जाहीर केलं. गाडी हलली तेव्हा मास्तरांनी ‘भारत माता की जय’ म्हटलं. लोक हात हलवत होते. महादेवीबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. मीही हात हलवला, आणि प्लॅटफॉर्म संपल्यावरही थोडा वेळ हलवत राहिलो. लगेच थांबवणं बरं दिसलं नसतं.

समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्याने माझ्याकडे, हारांकडे, चादरीकडे पाहिलं.

“पावनं, कुटंवर?”

“कुर्डुवाडी.”

त्याने थोडा विचार केला. “निवडून आलाव काय?”

“नाही.”

“मग दुसरं लगीन असंल,” असं म्हणून त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि पुढे एक शब्द विचारला नाही.

कुर्डुवाडीला उतरून मी हार स्टेशनबाहेरच्या एका गाईला घातले. एसटीने परत आलो. दिवेलागणीला मागच्या बोळातून घरात शिरलो आणि कडी लावली.

पुढचे चार दिवस मी जर्मनीत होतो. रविवारपासून पेपर टाकणाऱ्याने पेपर टाकणं बंद केलं. एकोणीस वर्षांत मी आमचा पेपर न वाचलेला तो पहिला रविवार. दूधवाला दाराशी न थांबता पुढे गेला. सोमवारी माझ्या नावाचं एक पत्र आलं. फटीतून मी पाहिलं, पोस्टमनने पाकिटावर ‘परदेशी’ असं लिहिलं आणि परत पिशवीत टाकलं. अकलूजचा शिक्का मारलेलं होतं. माझ्या बहिणीचं असावं. दार उघडून ते मागून घेणं शक्य नव्हतं.

साडेसहाला मी खुर्चीवर बसायचो. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, म्हणून ओठ हलवून प्रश्न विचारायचो, उठून दुसऱ्या खुर्चीवर जायचो, ओठ हलवून उत्तर द्यायचो. मंगळवारी मी प्रश्न विचारला आणि उठलोच नाही. कुठून आलात, हा प्रश्न त्या खोलीत दिवसभर तसाच राहिला.

कडक भाकरी, चटणी आणि पाणी, एवढ्यावर चाललं होतं. बुधवारी आंघोळीच्या पाण्यापुरतं उरलेलं रॉकेलही संपलं. महिन्याचा कोटा तीस तारखेच्या शनिवारपर्यंत उचलला नाही की बुडतो. गुरुवारी मी मफलर कपाळापर्यंत ओढून रेशन दुकानात गेलो. दुकानदाराने माझं कार्ड हातात घेतलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

“हे बंद झालंय, साहेब. तुम्ही परदेशात हाय.”

शिधावाटपाच्या ऑफिसात बसप्पा नावाचे निरीक्षक होते. त्यांनी फाइल काढली. आत आमच्या पेपरचं कात्रण चारी बाजूंनी सरळ कापून चिकटवलं होतं. खाली तारीख, पान, कॉलम. मी आयुष्यात पाहिलेला हा एकमेव सरकारी नोकर जो आमचा पेपर इतक्या काळजीने वाचत होता. एरवी मी त्यांच्याशी मैत्री केली असती.

“एकाच माणसाचं कार्ड,” बसप्पा म्हणाले. “माणूस परदेशी गेला, कार्ड रद्द. नियम हाय. परत आलाव तर पासपोर्ट दाखवा, आल्याचा शिक्का बघतो, चालू करतो.”

“माझ्याकडे पासपोर्ट नाही.”

“मग गेलाव कसं?”

“गेलो नाही.”

“मग हे?” त्यांनी कात्रणावर बोट ठेवलं. “पेपर चुकतोय म्हणता? तुमचाच पेपर हाय साहेब. मी पंधरा वर्षं वाचतोय.”

माझा पेपर चुकला असं मी एका वाचकासमोर, तेही पंधरा वर्षांच्या, कधी म्हटलं नव्हतं. पण ‘पेपर बरोबर’ म्हटलं तर मी नव्हतो. दोन्ही एकाच वेळी असणं जमत नव्हतं.

बसप्पा वाईट नव्हते. ते म्हणाले, “एक वाट हाय. उद्या नऊला घरी येतो, पंचनामा करू. तुमी लिहून द्या, बातमी खोटी, मी हितंच होतो. आन् एक साक्षीदार पायजे, शक्यतो नात्यातला, जो म्हणंल की हा माणूस हितंच राहतोय. हाय कुणी?”

“बघू,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी शिवलिंगप्पांचं दार वाजवलं. एकतीस माणसांच्या निरोपानंतर पाच दिवसांनी माणूस दारात उभा राहिला तर काय म्हणावं, याची मी दोन वाक्यं तयार केली होती. महादेवीबाईंनी दार उघडलं. दचकल्या नाहीत.

“या. बसा. चहा टाकते.”

“वहिनी, मी जर्मनीला…”

“गेला न्हाईसा. म्हाईत हाय की. रविवारी सकाळी तुमच्या न्हाणीत पाणी पडलं. म्हटलं, जर्मनीत पाणी न्हाय म्हणून हितं येऊन आंघोळ करालाव काय!”

शिवलिंगप्पा आतून आले. “सहा वाजून वीस मिनिटांनी,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाही?”

“माणूस दार लावून बसलाय म्हंजे त्याचं कायतरी असंल. इचारायचं कसं?” ते खाली बसले. म्हणाले, “चूक माझीच हाय. पण पेपरवाले, बातमीची भाषा तरी बरी होती का? ते ‘सर्वत्र अभिनंदन’ मी घातलं. पहिल्यांदाच छापून आलं माझं.”

“भाषा ठीक होती,” मी म्हणालो. हे खरं होतं. “जाणार होतो असं कधीच नव्हतं. मी नुसताच शिकत होतो.”

“कशाला?”

नळावर द्यायचं नसलेलं उत्तर मी तिथे दिलं. फार लांब नव्हतं, एका ओळीचं. महादेवीबाई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी दोनदा झटकली. शिवलिंगप्पा म्हणाले, “उद्या नऊला ना? साडेआठला तयार राहतो.”

शुक्रवारी बसप्पा नऊला पाच कमी असताना आले. पुढच्या खोलीत बसले, दोन खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या. पंचनाम्याचा कागद मांडला. मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला : ‘अर्जदार परदेशी गेलेले नाहीत. वृत्तपत्रातील मजकूर चुकीचा आहे.’ दुसरं वाक्य त्यांनी लिहिण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं. हे मानसिंगरावांना मी त्याच दिवशी लेखी कळवलं. त्यांनी त्यावर काही कळवलं नाही आणि रजा संपल्यावर मी कामावर गेलो तेव्हा चहा दोन कप मागवला.

मग साक्षीदाराचा रकाना. शिवलिंगप्पा कोट घालून आले होते. महादेवीबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. नाव, वय, धंदा झालं.

“अर्जदाराशी नातं?”

शिवलिंगप्पांनी विचार केला. टाइम ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस नोंद खोटी करणार नाही. “नातं न्हाय,” ते म्हणाले. “जातीचं न्हाय, गावचं न्हाय. शेजारी हाय.”

“शेजारी नातं धरत न्हाईत.” बसप्पांनी पेन उचललं. “नात्यातला कुणीच न्हाय का गावात?”

मी कागदाकडे पाहत होतो. रकान्यात जागा पुष्कळ होती.

“ओ साहेब,” महादेवीबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, “ह्यांचं ते सकाळी देशांचं सुरू होतंय की न्हाय, तवा मी दूध स्टोव्हवर ठेवते. ते आफ्रिकेपतूर आले की उतरवते. सहा म्हैने झाले, घड्याळ बघितलं न्हाय मी. आता आठ दिस झाले, रोज दूध उतू जायालंय. रोज! ह्याला तुमच्या कागदात काय म्हंत्यात ते तुमी लिवा की. आमाला काय म्हाईत?”

बसप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागदाच्या मागच्या बाजूला नात्यांची छापील यादी होती. त्यांनी ती वरून खाली बोट फिरवत वाचली : पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. बोट शेवटी थांबलं. त्यांनी रकान्यात ‘इतर’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

मी सवयीने कागद पुन्हा तपासला. दुरुस्ती सुचवण्यासारखं काही नव्हतं.

रॉकेल आणि साखर शनिवारी मिळाली. त्या सकाळी साडेसहाला मी खुर्चीवर बसलो आणि युरोप जरा सावकाश घेतला. पलीकडे स्टोव्ह अजून पेटायचा होता.